रिकामी वाट कुणाची? आष्टीच्या शिवारातून रस्त्यांचा इतिहास वाचताना

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकल चालवणाऱ्यांचा एक वर्ग हल्ली डांबरी रस्ता मुद्दाम टाळतो. त्यांना हवी असते मुरूम-खडीची वाट. गाड्यांची वर्दळ नको, हॉर्न नको, दोन्ही बाजूंना शेतं, मध्येच एखादं छोटं गाव, की पुन्हा शेतं. या प्रकाराला 'ग्रॅव्हल' सायकलिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळ्या, जाड टायरच्या सायकली मिळतात. अशी वाट जितकी रिकामी, तितकी ती चांगली.

आता आपल्या जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं आष्टी घ्या. गाडी क्वचितच दिसते अशा वाटा इथल्या शिवारातही आहेत. पण जुलै महिन्यात खताची गोणी डोक्यावर घेऊन चिखलातून चालणाऱ्या शेतकऱ्याला ही शांतता सुंदर आहे असं सांगून बघा. त्याच्यासाठी वाट रिकामी आहे याचा अर्थ ट्रॅक्टर आत येत नाही, ऊस तोडला तर बाहेर निघत नाही, आजारी माणसाला डांबरीपर्यंत खाटेवर न्यावं लागतं.

दोन्हीकडे वाट रिकामीच, अर्थ मात्र दोन. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम इथूनच सुरू होतं. ही वाट रिकामी केव्हापासून आहे? वर्दळ दुसरीकडे गेली म्हणून, की कुणी अडवली म्हणून? की ती वर्षातले चार महिने कायमच रिकामी असायची?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असतील, सिनॉप्सिससाठी विषय शोधत असतील. 'मराठवाड्यातील दळणवळणाचा इतिहास' असा विषय घेतला तर माणूस महामार्ग, रेल्वे आणि सरकारी अहवाल यांतच अडकतो. मला सुचवायचं आहे ते याच्या उलट. एका गावातली एकच वाट घ्या. ती नीट वाचता आली तर महसूल, जमीन, पाणी, शेती आणि कायदा असं सगळं तिच्यावरून चालत येतं.

आधी शब्द नीट करा

सरकारी कागदात 'पाणंद' असते, आपल्याकडे बोलताना 'पांदण'. दोन्ही बाजूंना बांध किंवा कुंपण आणि मध्ये खोल गेलेली वाट. शंभर वर्षं चाकं एकाच चाकोरीतून गेली, पावसाचं पाणीही तिथूनच वाहिलं, म्हणून वाट शेजारच्या शेतापेक्षा खाली जाते. पावसाळ्यात पांदणीचा ओढा होतो तो यामुळेच.

'गाडवाट' म्हणजे बैलगाडी जाईल अशी वाट. 'पाऊलवाट' माणसापुरती. 'शिवरस्ता' म्हणजे दोन गावांच्या शिवेवरून जाणारा रस्ता. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो ती शीव हीच. शिवरस्ता दोन्ही गावांचा असतो, त्यामुळे अनेकदा त्याची दुरुस्ती कुणीच करत नाही. आणि 'वहिवाट' हा रस्त्याचा प्रकारच नाही, तो हक्काचा शब्द आहे. कागदावर रेघ असो वा नसो, लोक वर्षानुवर्षं इथून जातात, असा त्याचा दावा.

मुलाखतीत माणूस यांतला कोणता शब्द वापरतो ते जसंच्या तसं लिहून घ्या. 'आमची वहिवाट हाये' आणि 'तो सरकारी रस्ता हाये' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात आठवण साक्षीला आहे, दुसऱ्यात नकाशा.

तुटक रेघ आणि तेहतीस फुटांची साखळी

आता नकाशा उघडा. गाव नकाशात पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवतात आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेनं. भूमी अभिलेखातल्या रूढ संकेतानुसार पायमार्गाची रुंदी 8¼ फूट धरतात आणि गाडीमार्गाची 16½ ते 21 फूट. हे आकडे ऐकले की विद्यार्थी विचारतात, सव्वाआठ कशाला, सरळ आठ का नाही?

उत्तर मोजणीच्या साखळीत आहे. जुनी साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंचाचा. चार आणे म्हणजे 8¼ फूट, आठ आणे म्हणजे 16½ फूट. एका साखळीचा चौरस, 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे 40 गुंठे मिळून एक एकर. ज्या मापानं शेत मोजलं त्याच मापानं रस्ताही मोजला. रस्ता म्हणजे जणू शेत न झालेली जमीन.

हा हिशोब पुढे नेऊन बघा. 16½ फूट रुंद आणि 1 किलोमीटर लांब गाडवाट म्हणजे जवळपास 50 गुंठे, सव्वा एकर जमीन. दोन्ही बाजूंचे नांगर 3-3 फूट आत आले, तर त्याच किलोमीटरमध्ये सुमारे 18 गुंठे रस्त्यातून शेतात जातात. एका खातेदाराच्या वाट्याला यातला एखादाच गुंठा येतो. कुणालाही आपण रस्ता खाल्ला असं वाटत नाही. वाट मात्र साडेदहा फुटांवर येते, आणि उसाची भरलेली ट्रॉली तिथं अडकते. भांडण का पेटतं ते कळायला हे एवढं गणित पुरेसं आहे.

कागद नेमके कुठल्या दारात?

आष्टीवर काम करायचं तर सगळ्यात आधी आष्टी कोणती ते ठरवा. बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे. वर्धा जिल्ह्यातली आष्टी 1942 च्या आंदोलनामुळे माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ फेब्रुवारी 1818 मध्ये बापू गोखले पडले. अभिलेखागाराच्या सूचीत नुसतं 'आष्टी' सापडलं म्हणून उड्या मारू नका. जिल्हा, तालुका आणि शेजारच्या दोन गावांची नावं जुळल्याशिवाय तो कागद आपला नाही.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. औरंगाबाद जिल्ह्यातले तालुके आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका मिळून तो बनला. म्हणजे 1981 आधीची आष्टी तुम्हाला परभणीच्या नावाखाली शोधावी लागेल. 1967 च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही ती परभणीच्याच खंडात येते. त्याही मागे गेलात तर 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळातल्या राज्यपातळीच्या कागदांसाठी हैदराबादमध्ये तारनाक्याला असलेल्या राज्य अभिलेखागारापर्यंत जावं लागतं. गाव जागेवरच राहिलं, त्याची कचेरी तेवढी बदलत गेली.

तिसरी गोष्ट भाषेची आणि सनाची. निजामी महसूल कागद उर्दूत असतात, गावपातळीवर मोडीही भेटते. तारखा फसली सनात. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतं, त्यामुळे वर्षाचा मोठा भाग पुढच्या इसवी सनात पडतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. नुसतं '1907' लिहिलं की कधीतरी घोटाळा होतो, म्हणून तळटिपेत दोन्ही सन द्या.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. गाव दिवाणी होतं, जहागिरी होतं की सर्फ-ए-खास, हे तपासा. सालारजंगांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी केली. पुढे मराठी जिल्ह्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आली. पण ही व्यवस्था आधी दिवाणी गावांची. जहागिरीचा कारभार वेगळा, दप्तरही वेगळं. 1949 मध्ये जहागिरी संपल्यावर ती गावं सरकारी व्यवस्थेत आली. तुमच्या गावाचा जुना नकाशा मिळत नसेल तर तो हरवलाय असं लगेच गृहीत धरू नका. त्या काळी तो कुणी काढायचा होता, हा प्रश्न आधी विचारा.

वाट चालती होती तेव्हा

रस्त्यांचा इतिहास शोधताना नुसता 'रस्ता' शब्द शोधून भागत नाही. बैल शोधा, नदीचा उतार शोधा, बाजाराचा वार शोधा.

एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं. 23 सप्टेंबर 1803 ला असईची लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणत होते की उतार नाही. त्यानं समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावं पाहिली आणि तर्क केला की ही गावं इतकी जवळ असताना त्यांच्यात ये-जा नसेल, असं होणार नाही. उतार निघाला. लढाईचं बाकी सगळं बाजूला ठेवा, ही पद्धत तेवढी उचला. वाट दिसत नसेल तर ती ज्यांना जोडायची त्या गावांकडे बघा. याच वेलस्लीच्या पत्रांत बैलांचा आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा विषय सतत येतो. त्या काळी दख्खनमध्ये माल वाहायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. लमाणांच्या तांड्याला खडीचा रस्ता लागत नसे. लागायचं ते पाणी आणि चारा.

आष्टीचा भाग गोदावरी खोऱ्यातला, काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासं होतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून इथली गाडवाट पूर्वीपासून हंगामी होती. दिवाळीपासून मृगापर्यंत चालती, मग बंद. जुन्या शेतीला ते चालून जायचं, कारण गाडीभर माल निघायचा तो सुगीनंतरच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज लाईन मनमाडहून जालना, परतूर, परभणीकडे गेली. आता गाड्यांना एक दिशा मिळाली, स्टेशनाची. नंतर मोठे रस्ते डांबरी झाले, एसटी आली, आणि लांबची वर्दळ पांदणीतून उठून डांबरीवर गेली. पांदण शेतापुरती उरली.

मग शेतीच बदलली. जायकवाडीचं धरण झालं, 208 किलोमीटरचा डावा कालवा जालना-परभणीच्या बाजूला पाणी घेऊन आला, ऊस वाढला. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला. आता भर पावसाळ्यातही शेतात गाडी न्यावी लागते आणि मालाचं वजन कितीतरी पटींनी वाढलेलं असतं. त्याच काळात भावाभावांत वाटण्या झाल्या, प्रत्येक तुकड्याला वेगळी वाट हवी झाली. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, जुन्या हद्दी नव्या आकड्यांखाली गेल्या. म्हणजे वाटेची गरज वाढत असतानाच वाट अरुंद होत होती. आष्टीसारख्या गावांतल्या रस्त्यांच्या वादांचं मूळ मला या उलट्या गतीत दिसतं. नुसती 'लोकांची नियत बिघडली' असं म्हटलं की संशोधन तिथंच संपतं.

फ्रान्समध्ये वाट कशी उरली?

आता पुन्हा त्या सायकलवाल्यांकडे जाऊ. तिथल्या वाटा निसर्गानं जपून ठेवलेल्या नाहीत. त्याही कागदानंच जपल्या.

1807 पासून नेपोलियनच्या काळात तिथं गावोगावची जमीन मोजून नकाशे झाले, आपल्या सर्व्हेसारखेच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही जमिनींचं एकत्रीकरण झालं, यंत्रं आली, आणि कित्येक कुंपणं आणि शेतवाटा नांगराखाली गेल्या. 1959 च्या आदेशानं गावाच्या पक्क्या सार्वजनिक रस्त्यांपासून 'शेमँ र्युराल', म्हणजे ग्रामीण वाट, कायद्यानं वेगळी केली. ही वाट कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या मालकीची, पण खासगी मिळकतीसारखी. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्यानं 30 वर्षं ती आपलीच म्हणून कसली, तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

मग फिरणारे आणि चालणारे लोक या वाटांचे नवे वापरकर्ते झाले. 1983 च्या कायद्यानं जिल्हावार भटकंती-मार्गांचे आराखडे आले. आराखड्यातली ग्रामीण वाट विकायची असेल तर कम्यूनला तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट द्यावी लागते. 1997 मध्ये बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकल-पायवाट सुरू झाली. अशा वाटांना 'व्हा व्हेर्त', हिरवी वाट, म्हणतात. आणि 2022 च्या कायद्यानं गावांना वाटांची गणना करण्याची सोय दिली. गणना चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षं, तो 30 वर्षांचा काटा थांबतो.

तुलना इथं उपयोगी पडते. बैलगाडी गेल्यावर फ्रान्समधल्या वाटेला सायकलवाला मिळाला, आणि त्याच्यासाठी एक यादी झाली. आपल्याकडे बैलगाडी गेल्यावरही शेतकरी तिथंच आहे. त्याला वाट सहलीला नको, पेरणीला हवी. आणि तुलना कुठं थांबवायची हेही लिहा. आपली मीटरगेज बंद पडली नाही, ब्रॉडगेज झाली. काळ्या मातीवर मुरूम टाकल्याशिवाय वाट टिकत नाही. इथं सायकल आहे, पण ती राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी मिळालेली, मुलींची. शांत, बिनगाड्यांची वाट या मुलींना सोयीची की भीतीची, हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असायला हवा.

कायदा वाचा, पण इतिहासाच्या डोळ्यांनी

दोन तरतुदी वेगळ्या ओळखा. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 अडवलेल्या जुन्या वाटेसाठी आहे, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 बांधावरून नवी वाट मागण्यासाठी आहे. म्हणजे तहसीलमधल्या प्रकरणाचं नुसतं कलम पाहिलं तरी अर्जदाराचं म्हणणं कळतं: वाट होती आणि बुजवली, की वाट नव्हतीच आणि आता लागते आहे. एका तालुक्याची वीस-तीस वर्षांची प्रकरणं अशी दोन ढिगांत लावली तर गरज कुठं वाढली आणि अतिक्रमण कुठं झालं, याचं चित्र दिसायला लागतं. हा खरा संशोधनाचा ऐवज आहे.

नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीशी जोडून. मे 2025 च्या शासन निर्णयानं शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करायला सांगितलं. वहिवाट आठवणीतून कागदावर यायला लागली. आनंदाची गोष्ट आहे. पण नोंद होते ती आजच्या रुंदीची, आजच्या तडजोडीची. जुनी साखळी काय म्हणत होती, ते कुणीतरी आधी टिपून ठेवायला हवं.

बोलायचं कसं, लिहायचं किती

पांदणीवर बोलताना सावध राहा. तुमच्यासाठी ते प्रकरण चौथं असेल, समोरच्यासाठी ते सख्ख्या भावाशी पंधरा वर्षं बंद असलेलं बोलणं असतं. प्रबंधात खातेदाराचं नाव आणि गट नंबर देऊ नका. तुमचं पान उद्या कुणीतरी तहसीलमध्ये पुरावा म्हणून ठेवू शकतं. एकाच धुऱ्याच्या दोन्ही बाजूंची माणसं ऐका. आणि 'रस्ता कुणी अडवला' असं विचारू नका. 'तुम्ही गाडी जुंपायचा तेव्हा कुठून जायचा?' असं विचारा. माणूस हातानं दाखवतो, वाटेत चिंच कुठं होती ते सांगतो, कोणत्या वळणावर गाडी कलायची ते सांगतो. ही माहिती कुठल्याच नकाशात नसते.

सुरुवात करायची तर एवढंच करा. आपल्या गावाच्या नकाशातली एक दुहेरी तुटक रेघ निवडा आणि तीन तारखा शोधा: ती पहिल्यांदा कागदावर कधी आली, तिच्यावरून शेवटची बैलगाडी कधी गेली, आणि ती पहिल्यांदा कधी अडली. पहिली तारीख भूमी अभिलेखात मिळेल, तिसरी तहसीलच्या दप्तरात. दुसरी फक्त माणसांकडे आहे, आणि बैल जुंपलेली ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. शिवाय रस्ते मोकळे करायला जेसीबी लागलेत. रस्ता व्हायलाच हवा, पण त्यासोबत शिवेचे दगड आणि तिवड्याच्या खुणाही उपटल्या जातात. नकाशा आणखी दहा वर्षांनीही मिळेल. म्हणून आधी शिवारात जा, कचेरीत नंतर.